पासपोर्ट आपला, जबाबदारीही आपली

पेण आणि रोहा भागातल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, काकी, वहिन्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या आज्या, सगळ्यांना डोलवीहून आमचा नमस्कार.

आज आम्ही पासपोर्टबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे परदेशात जायचंय? आमची धाव वडखळ नाक्यापर्यंत, फार तर पेणच्या बाजारापर्यंत. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण गेल्या वर्षी लावणीच्या आधी आमच्या एका गटाच्या बैठकीत एकाच दिवशी दोन गोष्टी पुढे आल्या आणि आमचे डोळे उघडले.

पहिली गोष्ट एका काकींची. त्यांच्या मुलाला आखातात नोकरी लागत होती. एजंटाने १ लाख ४० हजार मागितले होते. काकींनी गटाकडे कर्ज मागितलं. दुसरी गोष्ट एका वहिनींची. नवऱ्याकडे जायचं म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी पासपोर्ट काढला होता. जाणं झालं नाही, पासपोर्ट कपाटात पडून राहिला. त्याच एजंटाने त्यांना विचारलं, "वहिनी, पासपोर्ट नुसता पडून आहे ना? दोन महिन्यांसाठी द्या. एका बाईला तातडीने जायचंय. तुम्हाला २० हजार मिळतील, पासपोर्टही परत मिळेल."

दोघींनीही बैठकीत एकच वाक्य सांगितलं, "साहेबांच्या ओळखीचा माणूस आहे." साहेब म्हणजे आपल्या भागातून निवडून आलेले एक पुढारी. नाव आम्ही घेणार नाही. त्याचं कारण पुढे सांगू. पण ते वाक्य ऐकल्यावर गटातल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. साहेबांच्या ओळखीचा आहे म्हणजे खरा असणार. सचिवताईंनी तर इतिवृत्ताच्या वहीत कर्जाचा ठराव लिहायलाही घेतला होता.

तेव्हा गटातल्या एका बी.ए. करणाऱ्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "ताई, निवडून आलेला माणूस असला म्हणजे कागद खरा असतो असं नाही. मी एका खासदाराची गोष्ट वाचली आहे." त्या दिवशी ठराव थांबला. तिने सांगितलेली गोष्ट आम्ही नंतर नीट शोधून वाचली. ती आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरात राज्यातली. दाहोद हा तिथला आदिवासींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ. तिथून बाबूभाई कटारा नावाचे खासदार १९९९ साली आणि पुन्हा २००४ साली निवडून आले होते. भारतीय जनता पक्षाचे. १८ एप्रिल २००७ या दिवशी ते दिल्लीच्या विमानतळावर कॅनडाला जाणारं विमान पकडायला आले. बरोबर एक बाई आणि एक मुलगा होता. कागदावर ती बाई त्यांची पत्नी होती आणि मुलगा त्यांचा मुलगा. पण पासपोर्टावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळेना. चौकशी झाली. ती बाई पंजाबची निघाली, खासदारांची पत्नी नव्हेच. खासदारांच्या पत्नीच्या पासपोर्टावर ती परदेशी निघाली होती. यासाठी लाखो रुपये ठरले होते असा आरोप पोलिसांनी ठेवला. खासदारांना तिथेच अटक झाली.

पुढे पक्षाने त्यांना निलंबित केलं. लोकसभेच्या समितीने चौकशी केली आणि २१ ऑक्टोबर २००८ रोजी लोकसभेने त्यांना सभागृहातून काढून टाकलं. त्या वेळी सोमनाथ चटर्जी अध्यक्ष होते. आणि हेही ऐका. २०१९ साली त्याच दाहोदमधून काँग्रेस पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. ते हरले, पण तिकीट मिळालं. म्हणून आम्ही म्हणतो, ही एका पक्षाची गोष्ट नाही. आमच्या गटात सगळ्या पक्षांना मत देणाऱ्या बाया आहेत, तुमच्याही गटात असतील. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकण्याची आहे.

या धंद्याला उत्तरेकडे कबूतरबाजी म्हणतात. थव्यात चार कबुतरं बाहेरची सोडायची, थवा उडाला की तीही उडून जातात आणि परत येताना ती थव्यात नसतात. कुठल्या नाचाच्या पथकाबरोबर, कुठल्या खेळाडूंच्या संघाबरोबर, नाहीतर कुणाचा नातेवाईक म्हणून माणूस परदेशात न्यायचा आणि तिथे सोडून द्यायचा, असा हा प्रकार.

आता विचार करा, यात खासदार कशाला लागतो? आपल्या साध्या माणसाचा पासपोर्ट निळा असतो. खासदाराला राजनैतिक पासपोर्ट मिळतो, त्याचा रंग वेगळा, मान वेगळा. आपल्यासारखी बाई खिडकीपाशी गेली तर दहा प्रश्न. खासदारसाहेब आले तर "या साहेब, बसा साहेब." तो मान आपल्या मतांनी मिळालेला असतो. दाहोदच्या आदिवासी बायांनी उन्हात रांगेत उभं राहून मत दिलं, त्यातून तो पासपोर्ट आला. आणि आरोप असा की तोच मान पैसे घेऊन वापरायला दिला. आमच्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात दुःखाची गोष्ट हीच आहे. चोरी पासपोर्टाची म्हणा, पण गेला तो मतदारांचा विश्वास.

आणि आमच्या बैठकीत साहेबांच्या नावाने नेमकं हेच चाललं होतं. साहेबांनी काही केलं की नाही हा पुढचा प्रश्न. पण त्यांच्या नावावर एजंट आपल्या घरापर्यंत पोचला होता. नाव ऐकून आम्ही प्रश्न विचारायचं विसरलो होतो.

मैत्रिणींनो, कटारांच्या गोष्टीत आम्ही सगळ्यात जास्त विचार केला तो त्या पासपोर्टाचा. तो एका बाईच्या नावाचा होता. घरातल्या बाईचे कागद कुठे असतात? नवऱ्याच्या फाइलीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, पासपोर्ट, सगळं एका पिशवीत आणि पिशवी त्यांच्याकडे. कोणी मागितलं की तेच काढून देतात. आपल्याला विचारतही नाहीत. विचारलं तर आपण म्हणतो, "मला काय त्यातलं कळतं?" आपल्या आज्यांनी जमिनीच्या कागदांवर असेच अंगठे दिले. काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

पण कायदा बाईला वेगळं धरत नाही. १९६७ चा पासपोर्ट कायदा आहे, त्याचं १२ वं कलम सांगतं, दुसऱ्याचा पासपोर्ट जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. आणि आपला पासपोर्ट दुसऱ्याला जाणूनबुजून वापरू देणं हाही गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता तर १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे. खोटा किंवा फसवणुकीने मिळवलेला पासपोर्ट वा व्हिसा देशात यायला, राहायला किंवा बाहेर जायला जाणूनबुजून वापरला किंवा पुरवला, तर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि १ लाखापासून १० लाखांपर्यंत दंड.

आमच्या वहिनींना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे २० हजार त्यांनी मला दिले असते आणि पकडले गेले असते तर पोलीस माझ्या दारात आले असते?" होय वहिनी. फोटो तुमचा, सही तुमची, नाव तुमचं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. पासपोर्ट आपल्याकडे असला तरी तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो भाड्याने द्यायला किंवा गहाण टाकायला आपलाच नाही. कुठल्या एजंटाला किंवा मालकाला तो अडकवून ठेवायचाही हक्क नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती तेलंगणातली. वेमुलवाडा हे तिथलं मोठं शिवक्षेत्र. आपल्या मराठवाड्यातूनही लोक दर्शनाला जातात. तिथून चेन्नमनेनी रमेश हे आमदार म्हणून २००९ पासून चार वेळा निवडून आले. आधी तेलुगू देसमकडून, मग तेलंगण राष्ट्र समितीकडून. ते बरीच वर्षं जर्मनीत होते आणि १९९३ साली त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं होतं. आपल्या देशात दोन नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं जातं. आणि भारताचा नागरिक नसलेल्या माणसाला आमदार होता येत नाही, मतही देता येत नाही. म्हणून त्यांनी परत येऊन भारतीय नागरिकत्व मागितलं आणि २००९ साली ते मिळालं. अट अशी होती की अर्ज करण्याआधीचे बारा महिने भारतात राहिलेलं असलं पाहिजे.

त्यांच्याविरुद्ध निवडणूक हरलेले आदी श्रीनिवास म्हणाले, हे बारा महिने इथे नव्हतेच, अर्जात खोटं सांगितलं. लोक म्हणाले असतील, हरला म्हणून बोलतोय. पण त्यांनी कागद गोळा केले आणि न्यायालयात गेले. केंद्र सरकारने २०१७ साली आणि पुन्हा २०१९ साली रमेश यांचं नागरिकत्व रद्द केलं. रमेश दोन्ही वेळा न्यायालयात गेले, तो त्यांचा हक्क होता. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने सांगितलं की ते जर्मन नागरिकच आहेत आणि त्यांनी खरी माहिती लपवली. ३० लाख रुपये द्यायला सांगितले, त्यातले २५ लाख तक्रार करणाऱ्या श्रीनिवास यांना. तोपर्यंत पंधरा वर्षं गेली होती. चार वेळा आमदारकी झाली होती. २०२३ च्या निवडणुकीत श्रीनिवास स्वतः तिथून निवडून आले.

ही गोष्ट आम्ही का सांगतो? कारण यात दोन शिकवणी आहेत. एक, प्रश्न विचारणाऱ्याला कंटाळून चालत नाही. दुसरी, प्रश्न नुसता तोंडाने विचारून भागत नाही. कागद लागतो. तारीख लागते. ज्या बाईने गटाची हजेरी वही आणि पासबुक दहा वर्षं नीट ठेवली आहे तिला हे समजावून सांगायला नको.

आता आम्ही साहेबांचं नाव का घेत नाही ते सांगतो. आरोप आणि गुन्हा सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकसभेने खासदाराला काढणं हा सभागृहाचा निर्णय, शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम. आमच्याकडे साहेबांविरुद्ध एक कागदही नव्हता. होतं ते एजंटाच्या तोंडचं नाव. तेवढ्यावर रेडिओवरून नाव घेणं म्हणजे आपणही खोटेपणा करणं. गावात निवडणूक आली की कोणावरही काहीही आळ येतो, हे आपण पाहतो. सरपंच बाई असेल तर जरा जास्तच येतो.

आणखी एक सांगायचं आहे. अशा बातम्या आल्या की काही जण लगेच बाहेरून आलेल्या मजुराकडे बोट दाखवतात. आपल्या भागात कारखान्यांवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर लांबलांबच्या राज्यांतले लोक राबतात. भाषा वेगळी म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आज आम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत बोट गरिबाकडे नव्हतंच, ते खासदाराकडे आणि आमदाराकडे होतं. कागद तपासायचे तर आधी ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचे तपासावेत.

आता आमच्या बैठकीचं पुढे काय झालं ते ऐका.

आम्ही काकींना नाही म्हटलं नाही. मुलाने परदेशी जाऊ नये असं आमचं म्हणणं नव्हतं. आपल्या रायगडातल्या कितीतरी घरांवरची कौलं आखातातल्या पैशाने बदलली आहेत, कितीतरी मुलींची लग्नं आणि शिक्षणं त्यातून झाली आहेत. आम्ही एवढंच म्हटलं की कर्ज देण्याआधी गट चार गोष्टी तपासेल. गटाच्या कर्जात एक बुडाली तर दहाही जणी अडकतात, बँक पुढच्या वेळी सगळ्यांनाच दारातून परत पाठवते. म्हणून हा गटाचा हक्क आहे.

पहिली गोष्ट, एजंटाची नोंदणी. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारचा परवाना लागतो. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर परवाना असलेल्यांची यादी आहे. मोबाइलवरही बघता येते. आमच्या बी.ए. करणाऱ्या मुलीने बैठकीतच बघितली. या एजंटाचं नाव त्यात नव्हतं.

दुसरी गोष्ट, पैसे. परवाना असलेला एजंट आपल्या सेवेचे जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. पावती द्यावी लागते. इथे १ लाख ४० हजार होते आणि पावतीचं नाव नव्हतं.

तिसरी गोष्ट, व्हिसा. काकींच्या मुलाला सांगितलं होतं, आधी फिरायला जाण्याच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ. फिरायच्या व्हिसावर काम करणं म्हणजे तिथे पोचल्या दिवसापासून बेकायदा. मग मालकाने पगार नाही दिला तरी तक्रार कुठे करणार? नोकरीचा करार जाण्याआधी हातात हवा, त्यात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लिहिलेली हवी.

चौथी गोष्ट, मंजुरी आणि विमा. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टावर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो. त्याला आखातातल्या आणि आणखी काही देशांत नोकरीला जायचं तर सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना असते, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण, आणि हप्ता काही शेकड्यांत. फिरायच्या व्हिसावर गेलेल्याला यातलं काही मिळत नाही. आणि मैत्रिणींनो, ईसीआर पासपोर्टावर घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० असावं लागतं. कोणी तुमच्या बावीस वर्षांच्या मुलीला घरकामासाठी न्यायला आला, तर तिथेच थांबा.

चारही गोष्टी बसल्या नाहीत. मग आम्ही पाच जणी साहेबांकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला गेलो. आम्ही म्हटलं, "साहेब, तुमच्या नावाने हा माणूस फिरतोय. तो तुमचा आहे असं लिहून द्याल का?" साहेब म्हणाले, "मी फक्त नंबर दिला होता, लिहून कशाला पाहिजे?" आम्ही म्हटलं, "तेवढंच विचारायचं होतं." चहा घेतला आणि निघालो. त्यानंतर तो एजंट आमच्या आळीत दिसला नाही.

वहिनींनी पासपोर्ट नवऱ्याच्या फाइलीतून काढून स्वतःच्या ट्रंकेत ठेवला आहे. काकी मात्र आमच्याशी दोन महिने बोलत नव्हत्या. बैठकीला यायच्या, बचत भरायच्या आणि उठून जायच्या. त्यांचंही खरं होतं. मुलगा घरी बसलेला, वय वाढत चाललेलं, आणि गटाने संधी घालवली असं त्यांना वाटत होतं. आम्हालाही रात्री झोप लागत नव्हती, आपण चुकलो तर नाही ना? आज तो मुलगा वडखळला एका गॅरेजात काम करतो. परदेशी जायचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. पण गेल्या महिन्यात तो स्वतः आमच्याकडे आला, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "ताई, या एजंटाचा परवाना क्रमांक यादीत आहे. करार आला की दाखवतो. आईला कर्ज द्याल ना?" आम्ही म्हटलं, "करार घेऊन ये, बैठकीत वाचू." काकी त्याच्या मागे उभ्या होत्या. त्या हसल्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीने घरी जाऊन बघावं, आपले कागद कोणाकडे आहेत. आधार, पासबुक, पासपोर्ट असेल तर तोही. आपले कागद आपल्या हाताशी ठेवा. आधारची प्रत कोणाला दिली तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा. आणि गटाच्या वहीत एक ठराव घाला: परदेशी नोकरीसाठी कर्ज मागितलं तर या चार गोष्टी तपासल्याशिवाय सही नाही, कोणाचीही ओळख असली तरी.

कोणाचं माणूस परदेशात अडकलं असेल, पगार मिळत नसेल, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत फोन आहे: १८०० ११ ३०९०. पुन्हा सांगतो, लिहून घ्या, १८०० ११ ३०९०. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील.

साहेबांना, मोठ्या माणसांना मान द्या, आम्हीही देतो. आमच्या मताने ते मोठे झालेत म्हणूनच त्यांना प्रश्न विचारायचा हक्कही आम्हाला आहे. विचारताना आवाज चढवायची गरज नाही. पाच जणी बरोबर गेलो आणि वही बरोबर नेली की पुरतं.

पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत बचत भरा, बैठक चुकवू नका. नमस्कार.